शाळेला काय द्यावे: प्रोजेक्टर, टीव्ही, पॅनेल की टॅब?

गणपतीत गावी आलेल्या मुंबई मंडळाच्या बैठकीत शाळेला यंदा काय द्यावे हा विषय निघाला, की बोलणे बहुधा थेट स्मार्ट बोर्डावर येते. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो आणि वस्तू भिंतीवर शोभतेही. परंतु दोन शिक्षक आणि चार इयत्ता असलेल्या कोकणातील शाळेत ती जुलैच्या पावसात कोणी, कधी आणि कोणत्या इयत्तेसाठी सुरू करायची, हा प्रश्न खरेदी झाल्यावरच पडतो. तो आधी विचारू इच्छिणाऱ्या मुख्याध्यापकांसाठी, शाळा व्यवस्थापन समित्यांसाठी आणि मंडळांसाठी ही तुलना आहे.

पर्याय ढोबळमानाने चार आहेत: प्रोजेक्टर, एलईडी टीव्ही, स्पर्शाने चालणारे इंटरॅक्टिव्ह पॅनेल आणि चार-पाच टॅब. पहिली कसोटी अंतराची. चित्राच्या उंचीच्या साधारण सहापट अंतरापर्यंतच अक्षरे सहज वाचता येतात, असा एक व्यवहारी नियम आहे. 43 इंची टीव्हीचे चित्र सुमारे 53 सेंटिमीटर उंच असते, म्हणजे दहा फुटांपलीकडच्या मुलाला अक्षरे नीट लागत नाहीत. 65 इंची पॅनेल सोळा फुटांपर्यंत पुरते आणि प्रोजेक्टरचे 100 इंची चित्र चोवीस फुटांपर्यंत. त्यामुळे चाळीस मुलांच्या माध्यमिक वर्गात लहान टीव्ही टांगणे व्यर्थ आहे. मात्र पट बाराचा असेल आणि मुले बसकरांवर टीव्हीसमोर अर्धवर्तुळात बसत असतील, तर त्याच 43 इंचांत काम भागते.

दुसरी कसोटी विजेची. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप मिळून साधारण 300 वॅट घेतात, 43 इंची टीव्ही 100 वॅटच्या आत राहतो आणि 65 इंची पॅनेल या दोहोंच्या मधे पडते. 12 व्होल्टची 150 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर 1800 वॅट-तास देते. प्रत्यक्षात हाती येणारे 1200 धरले, तर प्रोजेक्टर चार तास चालेल आणि टीव्ही बारा तास. झाडाची फांदी तारांवर पडून दिवसभर वीज जाणे आपल्याकडे नवलाचे नाही, आणि 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. गंमत अशी की प्रोजेक्टरला हवा असलेला अंधार वर्गात पावसाळ्यातच आयता मिळतो आणि वीज जाते तीही पावसाळ्यातच. उन्हाच्या दिवसांत खिडक्या बंद करून प्रोजेक्टर लावला, तर दमट उकाड्यात मुले चित्राआधी घामाकडे बघतात.

दमट आणि खारी हवा हा कोकणापुरता स्वतंत्र निकष धरावा लागेल. प्रोजेक्टरच्या भिंगावर बुरशी धरते, जोडण्यांच्या पिना गंजतात, फटींतून मुंग्या शिरतात. कौलारू वर्गात गळती कोठे सुरू होईल याचा भरवसा नसतो. टॅब सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात बंद करून ठेवता येतात, टीव्हीवर कापड घालून तो रोज थोडा वेळ लावला तर आत ओल साचत नाही. पॅनेल मात्र जड असल्याने भिंतीवरून हलत नाही. मी पाहिलेल्या एका शाळेत असे पॅनेल पहिल्याच पावसाळ्यानंतर स्पर्श ओळखेनासे झाले, दुरुस्तीसाठी माणूस यायला दिवाळी उजाडली, आणि तोवर त्यावर दिनदर्शिका लटकत होती. वळवाच्या विजांआधी प्लग काढणे आणि अर्थिंग तपासून घेणे हे चारही पर्यायांना सारखेच लागू आहे.

तथापि खरा निर्णय या तिन्हींपेक्षा बहुवर्ग अध्यापनावर ठरतो, आणि नेमके तेच विक्रेत्याच्या माहितीपत्रकात नसते. एका खोलीत पहिली-दुसरी आणि दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी अशी रचना असताना मोठा पडदा चौथीसाठी लावला, की तिसरी आपली गणिते सोडून तिकडेच पाहत बसते. आवाज बंद केला तर चौथीचा पाठ अर्धा राहतो. मोठा पडदा हे सर्वांनी एकाच वेळी एकच गोष्ट पाहण्याचे साधन आहे, बहुवर्ग शाळेचा दिवस मात्र गटांगटांत वाटलेला असतो. तेथे चार टॅब अधिक उपयोगी पडतात: चार मुले इअरफोन लावून सराव करतात आणि शिक्षक दुसऱ्या गटाला वाचन शिकवतात. टॅबची उणीव अशी की त्यांवरचे साहित्य कोणीतरी आधी उतरवून ठेवावे लागते, चार्जिंगचे वेळापत्रक पाळावे लागते, आणि देखरेख सुटली की सरावाचा खेळ होतो.

साहित्याच्या बाबतीत मात्र चारही साधने एकाच पातळीवर आहेत. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडवरून 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपवर जाता येते आणि तेथील बरेच साहित्य नेटवर्क असलेल्या ठिकाणी उतरवून घेता येते. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पातील विज्ञान-गणिताची अनुरूपणे (सिम्युलेशन) मोफत आहेत, त्यांतील अनेक मराठीतही आहेत आणि नेटशिवाय चालतात. नेटवर्कसाठी घाटीवर चढावे लागणाऱ्या गावात हा मुद्दा निर्णायक ठरतो. दीर्घ चित्रफीत सलग दाखवण्यापेक्षा तिचे लहान तुकडे करून मधे प्रश्न विचारलेले बरे. त्याला महागडे यंत्र लागत नाही, शिक्षकाचा पूर्वाभ्यास लागतो.

पडद्याला पर्याय नाही असे विषयही आहेत. राजापूर तालुक्यातील कशेळीच्या सड्यावरचे हत्तीचे कातळशिल्प इतके मोठे आहे की जांभ्यावर उभे राहून ते एका नजरेत मावत नाही. वरून घेतलेले छायाचित्र पडद्यावर आले, की मुलांना हत्ती दिसतो. उलट भरती-ओहोटी शिकवताना चंद्र-सूर्याच्या ओढीचे कारण पडद्यावर दाखवावे, पण भरती स्वतः खाडीवर दाखवावी. काठी रोवून रोज पाण्याची खूण केली, की भरती दररोज पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा येते हे चौथीचे मूलही सांगते, आणि तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा कोळीवाड्यातला हिशेब त्याला आपोआप उमगतो. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती आणि तीही भांगाची, म्हणजे कमी उंचीची, हे घरच्या माणसांना विचारून मुले पडताळू शकतात. नकाशे, तक्ते, मातीच्या प्रतिकृती यांचेही तसेच: दिवसभर भिंतीवर असल्याने मूल त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा वळते, पडदा मात्र बंद झाला की गेला. कागदी तक्त्यांना वाळवी लागते, म्हणून ते फ्लेक्सवर छापून घ्यावेत.

यावरून माझे मत असे: दोन शिक्षकांच्या लहान प्राथमिक शाळेने चार टॅब आणि एक 43 इंची टीव्ही घ्यावा, पॅनेल घेऊ नये. स्वतंत्र इयत्तांच्या, पक्क्या छताच्या माध्यमिक शाळेला वर्ग मोठा असेल तर प्रोजेक्टर बरा. त्यातही दिव्याच्या प्रकारापेक्षा लेसर किंवा एलईडी प्रकाशाचा घ्यावा, कारण दिवा काही हजार तासांत बदलावा लागतो. पॅनेलचा विचार रोज गणित आणि भूमिती शिकवणारा, त्यावर हात बसलेला शिक्षक शाळेत टिकून असेल आणि तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्ती होत असेल, तरच करावा. मंडळाने पैसे मंजूर करताना इन्व्हर्टर, अर्थिंग, कुलपाचे कपाट आणि वर्षाकाठीच्या दुरुस्तीची रक्कम पहिल्याच ठरावात लिहून घ्यावी, कारण पुढच्या गणपतीत वर्गणी सभामंडपासाठी निघणार असते.