पोस्टग्रेसक्यूएल १७ : मेमरी मागताना आणि मर्यादा पाळताना

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतील अडत्यांच्या गाळ्यांवर आवक, तोलाई, हमाली आणि शेतकऱ्याची पट्टी यांचा हिशेब ठेवणारी एक प्रणाली आम्ही सांभाळतो आणि तिच्याखाली पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) हा डेटाबेस आहे. सर्व्हर महाप्याच्या एका डेटा सेंटरमध्ये आहे; ६४ जीबी रॅम आणि लिनक्स. हे परीक्षण या डेटाबेसच्या एकाच अंगाचे आहे : तो ऑपरेटिंग सिस्टीमकडून शेअर्ड मेमरी, म्हणजे त्याच्या सगळ्या प्रक्रियांना सामायिक असलेली मेमरी, कशी घेतो आणि सिस्टीमने घातलेल्या मर्यादांमध्ये कसा वागतो. पहाटे माल उतरला की सगळे गाळे एकदम कामाला लागतात, तेव्हा कसोटी लागते ती याच अंगाची.

पहिली गोष्ट कौतुकाची. एके काळी शेअर्ड बफर्स (डेटा रॅममध्ये हाताशी ठेवण्याची सामायिक जागा) थोडे वाढवले तरी सर्व्हर सुरूच होत नसे, कारण सगळी शेअर्ड मेमरी सिस्टीम व्ही या जुन्या युनिक्स पद्धतीने घेतली जाई आणि कर्नलमधली (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातली) एसएचएममॅक्स ही एका तुकड्याची मर्यादा लिनक्सवर बराच काळ अवघी ३२ एमबी होती. २०१३ मध्ये आलेल्या ९.३ आवृत्तीपासून मुख्य वाटा एममॅप या वेगळ्या पद्धतीने, त्या मर्यादेबाहेर, घेतला जातो आणि सिस्टीम व्हीचा अगदी लहान तुकडा तेवढा उरतो. आवृत्ती १० पासून लिनक्सवर सेमाफोरही (प्रक्रियांना एकमेकींसाठी थांबवणाऱ्या खुणा) पॉझिक्स या दुसऱ्या प्रमाण पद्धतीचे झाल्यामुळे त्यांची आकडेमोड संपली. त्यामुळे रॅमच्या चौथ्या हिश्शाइतके, म्हणजे १६ जीबी शेअर्ड बफर्स ठेवायला आम्हाला कर्नलला हातही लावावा लागला नाही.

ह्यूज पेजेसच्या, म्हणजे मेमरीच्या मोठ्या पानांच्या, बाबतीत मात्र तक्रार आहे. पोस्टग्रेस प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रक्रिया चालवतो आणि प्रत्येक प्रक्रियेचे पेज टेबल, म्हणजे कोणते पान रॅममध्ये कुठे आहे याची यादी, वेगळे असते. ४ केबीच्या पानांनी १६ जीबी मोजले तर सुमारे ४२ लाख नोंदी होतात; प्रत्येकी ८ बाइट धरले तर सगळे बफर हाताळणाऱ्या एका प्रक्रियेमागे ३२ एमबी, आणि अशा २०० जोडण्या असतील तर ६,४०० एमबी रॅम निव्वळ या नोंदींत जाते. २ एमबीच्या पानांनी हा खर्च जवळजवळ नाहीसा होतो. पण मूळ सेटिंग ‘ट्राय’ असते : पाने मिळाली तर घ्यायची, नाही मिळाली तर मुकाट्याने साध्या पानांवर चालायचे. इतक्या महत्त्वाच्या गोष्टीत हे मौन मला पटत नाही. १७ व्या आवृत्तीत ‘ह्यूज पेजेस स्टेटस’ पाहून खरी स्थिती कळते, ही सुधारणा मोलाची आहे; तरीही डेटाबेससाठीच राखलेल्या यंत्रावर सेटिंग ‘ऑन’ करावे, म्हणजे पाने कमी पडली तर सर्व्हर सुरूच होणार नाही आणि उणीव तिथेच उघडी पडेल. किती पाने राखायची हे आवृत्ती १५ पासून डेटाबेस स्वतःच सांगतो. तो आकडा १६ जीबीच्या हिशेबाने येणाऱ्या ८,१९२ पेक्षा काहीसा मोठा असतो, कारण लॉक आणि इतर नोंदींनाही त्याच मेमरीत जागा लागते.

सर्वांत जपण्याची बाब म्हणजे मेमरी संपल्यावर लिनक्स काय करतो. तो प्रक्रियांना प्रत्यक्षात आहे त्याहून जास्त मेमरीचा शब्द देऊन बसतो आणि टंचाई आली की एखादी प्रक्रिया निवडून मारतो. पोस्टग्रेसची एक प्रक्रिया अशी मारली गेली, तर शेअर्ड मेमरी शाबूत आहे याची खात्री उरत नाही, म्हणून डेटाबेस सगळ्याच जोडण्या तोडून बदलांच्या लॉगवरून स्वतःला सावरतो. एका गाळ्याने वर्षभराचा अहवाल मागितला आणि शंभर गाळ्यांच्या पट्ट्या थांबल्या, असे घडू शकते ते यामुळे. डेटाबेसचा हा निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो. शेतकऱ्याच्या पट्टीत चुकीचा आकडा पडण्यापेक्षा थोडा खोळंबा केव्हाही परवडला. कर्नलच्या ओव्हरकमिट मेमरी या सेटिंगचे मूल्य २ केले की असा शब्द देणे बहुतांशी थांबते आणि मेमरी न मिळालेली एकच क्वेरी त्रुटी देऊन परत येते. मात्र त्यासोबतचे प्रमाण मूळचे ५० टक्के असते आणि ते ह्यूज पेजेस वगळून उरलेल्या रॅमवर लागते : आमच्या यंत्रावर ४८ जीबीचे निम्मे, म्हणजे २४ जीबी आणि वर स्वॅप (डिस्कवरची पूरक मेमरी). हे कमी पडते, तेव्हा प्रमाण विचारपूर्वक वाढवावे. वर्क मेमचाही, म्हणजे क्रमवारीसारख्या एका कामाला मिळणाऱ्या मेमरीचाही, हिशेब याच वेळी करावा. मूळचे ४ एमबी सोडून ६४ एमबी ठेवले आणि २०० जोडण्यांनी एकेकदाच क्रमवारी लावली, तरी १२,८०० एमबी होतात. शिवाय एका क्वेरीत अशी कामे अनेक असू शकतात.

उघड्या फायलींच्या मर्यादेत पुष्कळ जण अडकतात, पण त्यात दोष डेटाबेसचा नाही. लिमिट्स डॉट कॉन्फ या सिस्टीमच्या फाइलमध्ये लिहिलेले आकडे लॉगिन करणाऱ्यांना लागू होतात. सिस्टीमडीने (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेने) चालवलेल्या सेवेला तिच्या युनिट फाइलमधली, म्हणजे त्या सेवेच्या सेटिंग फाइलमधली, लिमिटएनओफाइल ही ओळच लागू होते. चालू प्रक्रियेच्या प्रॉक फोल्डरमधली लिमिट्स ही फाइल उघडली की खरा आकडा दिसतो. डेटाबेसचा वापरकर्ता सिस्टीम खात्याऐवजी साधे खाते म्हणून बनवला असेल, तर सिस्टीमडीचे रिमूव्हआयपीसी हे सेटिंग बंद ठेवणेही तितकेच आवश्यक आहे; अन्यथा त्या खात्यातून बाहेर पडताच शेअर्ड मेमरीचे तुकडे पुसले जाऊ शकतात. डॉकरमध्ये, म्हणजे वेगळ्या कंटेनरमध्ये, डेटाबेस चालवणाऱ्यांनी शेअर्ड मेमरीची मूळ ६४ एमबी मर्यादा वाढवावी, कारण अनेक प्रक्रियांत वाटल्या जाणाऱ्या समांतर क्वेरींना ती चटकन अपुरी पडते.

हे सारे तपशील पोस्टग्रेसच्या स्वतःच्या दस्तऐवजात, कर्नलच्या संसाधनांवरील प्रकरणात, ऑपरेटिंग सिस्टीमनुसार नीट मांडलेले आहेत, आणि शुल्क न घेणाऱ्या उत्पादनाने इतकी निगा राखावी याचा मला मनापासून आदर वाटतो. ठाणे-नवी मुंबईत लहान व्यापाऱ्यांची कामे करणाऱ्या कोणालाही मी हा डेटाबेस निःशंकपणे सुचवेन, पण यंत्र कामाला लावण्याआधी ह्यूज पेजेस, ओव्हरकमिट आणि लिमिटएनओफाइल या तिन्हींची चालू मूल्ये कागदावर उतरवून घ्यावीत, या अटीवर.