दाखवलेला पॅड माझ्या गाडीचा नव्हता

रात्रभर पाऊस पडून गेला होता. सकाळी गाडी काढली आणि पहिल्याच ब्रेकला पुढच्या चाकांतून खर्रर्र आवाज आला. त्यात काही आठवड्यांपासून ब्रेक दाबला की गाडी किंचित डावीकडे ओढायची. मनात आधीच धाकधूक होती, म्हणून रस्त्यात दिसलेल्या पहिल्या गॅरेजात शिरलो.

मेकॅनिकला दोन्ही तक्रारी सांगितल्या. ओढण्याकडे त्याने काणाडोळा केला, आवाजाचं मात्र खोदून खोदून विचारलं. मला बाहेर बसवलं आणि वीसेक मिनिटांनी हातात ब्रेकचा एक पॅड घेऊन आला (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबले की ब्रेक लागतो). वरचा थर पार संपलेला, नुसती लोखंडी पट्टी उरलेली, एक कोपरा तुटका. "साहेब, हा तुमचा पॅड. डिस्कपण खाल्लीये. उतारावर ब्रेक लागलाच नसता." उतार म्हटल्यावर माझी बोलतीच बंद झाली. पुढच्या दोन्ही डिस्क, पॅड, ब्रेक ऑइल, मजुरी असं सगळं कबूल केलं. संध्याकाळी पैसे मोजले, वर त्याचे आभारही मानले. पैशांपेक्षा ते आभारच जास्त खुपतात.

खरं तर गॅरेजपर्यंत पोचेस्तोवर तो आवाज बंद झाला होता. तिथेच मला कळायला हवं होतं. डिस्क बिडाची असते. ओली राहिली की एका रात्रीत तिच्यावर गंजाचा पातळ थर चढतो आणि चार-पाच ब्रेकमध्ये घासून निघून जातो. पॅड संपून लोखंडावर लोखंड घासत असतं, तर आवाज ऊन-पाऊस न बघता प्रत्येक ब्रेकला आला असता आणि डिस्कवर बोटाला लागतील अशा चरी पडल्या असत्या.

तीन आठवड्यांनी पुन्हा पाऊस, पुन्हा तोच आवाज. गाडी अजूनही डावीकडे ओढत होतीच. या वेळी ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. "नवीन डिस्कलाही गंज चढतो," म्हणून तो हसला. मग डाव्या चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. ते चाक उजव्यापेक्षा कितीतरी जास्त तापलं होतं. चाकं त्याने माझ्यासमोर काढली. डिस्कच्या कडेला बोटाला जाणवेल असा उंचवटा होता. पॅड जिथे घासत नाही तिथली कड तशीच राहते आणि हजारो किलोमीटरनंतर ती अशी उठून दिसते. तीन आठवड्यांत नाही. म्हणजे डिस्क माझ्याच, जुन्या. त्याने जाडी मोजली, तर डिस्कवरच कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती बरीच जास्त भरली. म्हणजे बदलायची गरजही नव्हती! उजवे पॅडही जुनेच, सुमारे 7 मिलिमीटर शिल्लक, वरून पॉलिश पेपर मारलेला. ब्रेक ऑइल काळपट चहासारखं. नवीन ऑइल फिकट मधाच्या रंगाचं असतं.

खरा बिघाड डावीकडे होता. पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना सुकून जाम झाल्या होत्या, त्यामुळे पाय काढला तरी ब्रेक पूर्ण सुटत नव्हता. आतला पॅड जेमतेम 3 मिलिमीटर, बाहेरचा त्याच्या दुप्पट. म्हणूनच गाडी डावीकडे ओढत होती. मी पहिल्याच दिवशी जे सांगितलं होतं, नेमकं तेच. चाकाच्या फटीतून डोकावलं तर बहुतेक वेळा बाहेरचाच पॅड दिसतो, म्हणून आतला बघायला चाक काढायला लावा.

घाबरवण्याच्या आणखी तीन जागा त्याने सांगितल्या. करकचून ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली थरथरतं आणि टकटक होते, ते एबीएसचं, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं काम आहे, बिघाड नव्हे. साध्या ब्रेकलाही पेडल थरथरत असेल तर मात्र डिस्कची जाडी कमी-जास्त झालेली असू शकते. दुसरं म्हणजे ऑइलची पातळी. पॅड झिजतात तशी ती हळूहळू उतरतेच. पण एकाएकी खाली गेली, किंवा दाबून धरलेलं पेडल बुडत चाललं, तर गाडी हलवूच नका. पॅड संपत आल्यावर येणारी बारीक, कर्कश शिट्टी तर मुद्दाम ठेवलेली असते. बऱ्याच पॅडना त्यासाठी पत्र्याची पट्टी असते. ती वाजली तर पॅड बघून घ्या, त्याच दिवशी हाय खायची गरज नाही.

फोटो घेऊन पहिल्या गॅरेजात गेलो. काढलेल्या जुन्या डिस्क दाखव म्हटलं, तर भंगारात गेल्या म्हणाला. नव्या डिस्कच्या खरेदीचं बिल मागितलं तेव्हा मालकाला फोन लावला आणि बऱ्याच हुज्जतीनंतर अर्धे पैसे परत दिले. तो नोटा मोजत होता तेव्हा माझं लक्ष मागच्या फळीकडे गेलं. तुटक्या कोपऱ्याचा तो पॅड तिथे पुसून ठेवलेला होता.