पावणेबारा हजारांत घराचं पुढचं दार: दहा महिने वापरल्यावर

होळीच्या आधी आमच्या घराचं पुढचं दार, ओटा आणि पायऱ्या नीट करून घेतल्या. आता कापसाचा दुसरा वेचा चालू आहे. म्हणजे एक अख्खा उन्हाळा, एक पावसाळा, पोळा आणि दिवाळी त्यावरून गेली. काम झालं त्याच आठवड्यात लिहिलं असतं तर सगळंच मस्त म्हटलं असतं. बरं झालं थांबले.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेच्या खोऱ्यातलं, म्हणजे खारपाणपट्टा. जमीन काळी, बोअरचं पाणी खारं. या दोन गोष्टी आधीच सांगते, कारण पुढचं बरंवाईट सगळं त्यांच्यामुळेच झालं. घर जुनं धाब्याचं. पुढची भिंत मातीची, खाली दीड फूट दगड. मी घरी शिवणकाम करते, त्यातले बारा हजार डब्यात साचले होते. हे म्हणाले, "तुये पैसे हायेत, तुले वाट्टे ते कर." सकाळी सडा, रांगोळी, झाडझूड मीच करते, तेव्हा दारात काय खटकतं ते मला विचारायलाच नको होतं.

पहिलं खटकत होतं ती पायरी. पायरी कसली, एक धोंडा होता. जमिनीपासून वर तेरा इंच आणि वरून गुळगुळीत. माझे सासरे, मामाजी, चौऱ्याहत्तर वर्षांचे. दोन्ही गुडघे गेलेले. चौकटीला हात घालून स्वतःला वर ओढायचे, रोज चार-पाच वेळा. त्या ठिकाणी साडेसहा इंचांच्या दोन पायऱ्या केल्या, तीन फूट रुंद, पाऊल पूर्ण बसेल इतक्या खोल. वर शहाबादी फरशी, पॉलिश न केलेली. दुकानदार चकचकीत कोटा दाखवत होता, "पाहुण्यायले दिसते" म्हणून. पावसात चपलेला काळी माती चिकटलेली असताना चकचकीत फरशीवर काय होतं, ते बहिणीच्या घरी पाहिलं होतं. खरखरीतच घेतली. फरशीला बाहेरच्या बाजूनं फुटाला पाव इंच उतार दिला, त्यामुळे पाणी थांबत नाही.

मिस्त्रीनं मात्र माझं डोकं खाल्लं. दोन पायऱ्यांसाठी दीड फूट खणायचं, काळी माती काढून टाकायची आणि मुरूम भरून, पाणी मारून चोपायचा, असं त्याचं म्हणणं. शिवाय पायऱ्या ओट्याला चिकटवायच्या नाहीत, मध्ये सुतळीएवढी फट ठेवायची. मला वाटलं मजुरीचे दिवस वाढवतो आहे. मे महिन्यात ती फट बोटभर झाली. आमच्या अंगणातल्या भेगांत तेव्हा मुलाचा चेंडू जायचा. ऑगस्टमध्ये फट पुन्हा मिटली. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आक्रसते. तिच्यावर जे बसवाल ते तिच्याबरोबर हलतं. पायऱ्या ओट्याला जोडल्या असत्या तर पहिल्याच उन्हाळ्यात तडा गेला असता. शेजाऱ्यांच्या तशा जोडलेल्या आहेत, तड्यात आता गवत उगवलं आहे. पायऱ्यांना एकंदर ४,८५० रुपये लागले. पोळ्याला बैल दारी आले तेव्हा ओवाळताना एकानं खालच्या फरशीवर खूर ठेवला आणि कोपऱ्याचा टवका उडाला, तेवढीच खूण. मामाजी आता चौकट धरत नाहीत. सवयीनं हात वर जातो, पण धरत नाहीत.

आता चूक सांगते, आणि ती पूर्ण माझी आहे. पायऱ्यांचं काम झालं त्या दिवशी नळ आले होते. शहानूर धरणाचं गोडं पाणी, आमच्याकडे दोन-तीन दिवसांआड येतं. ड्रम भरून ठेवले, काम त्यावर झालं. तिसऱ्या दिवशी भिंतीचं प्लास्टर होतं आणि ड्रम रिकामे. मिस्त्रीनं विचारलं, "ताई, पानी कोन्तं घ्याचं?" मीच म्हटलं, बोअरचं घ्या, मजूर बसून राहतील. वर रंग दिला, तयार डब्यातला, फिकट पिवळा. मजुरी धरून ३,२०० गेले. मार्चमध्ये भिंत अशी दिसत होती की येणारा-जाणारा थांबून बघायचा.

जुलैत खालच्या दोन फुटांवर पांढरी बुरशी आली असं वाटलं. पुसली, परत आली. जिभेवर लावून पाहिली (हो, पाहिली) तर खारट. लोणा. पाण्यातलं मीठ प्लास्टरमध्ये गेलं, जमिनीतली ओल भिंतीत चढताना आणखी घेऊन आली. ओल पृष्ठभागावर येऊन वाळते, मीठ तिथेच राहतं, त्याचे खडे धरतात आणि ते प्लास्टरला आतून ढकलतात. वरचा रंग ओल बाहेर सोडत नव्हता, म्हणून फोड आले आणि मग पापुद्रेच्या पापुद्रे निघाले. मी आणखी एक शहाणपणा केला होता: ओल्या फडक्यानं पुसत होते. त्यानं मीठ विरघळून पुन्हा आत जातं. कोरड्या ब्रशनं झाडायचं असतं.

भाचा सिव्हिलचा डिप्लोमा करतो. त्यानं सांगितलं की काँक्रीटचं भारतीय मानक आहे, ४५६ क्रमांकाचं, २००० सालचं. त्यात पाण्यातल्या क्लोराइडला मर्यादा घातली आहे: सळई नसेल तर लिटरमागे २,००० मिलिग्रॅम, सळई असेल तर ५००. आमच्या पट्ट्यात स्लॅबला बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी हा दुसरा आकडा लक्षात ठेवावा. माझा तर नुसता रंग गेला, त्यांची सळई गंजेल.

ऑक्टोबरमध्ये खालचं दोन फूट प्लास्टर खरवडून टाकलं. कोरड्या ब्रशनं झाडलं, पंधरा दिवस उघडं ठेवलं. मग पांढरी माती, शेण आणि गव्हाचं कुटार कालवून लिंपलं. हे काम शेजारच्या काकूंनी शिकवलं, पैसे घेतले नाहीत, एक ब्लाउज शिवून दिला. वर चुना. कळीचा चुना रात्रभर पाण्यात विझवला. विझताना उकळतो, मुलांना लांब ठेवा आणि डोळे सांभाळा. सकाळी गाळून पातळ-पातळ तीन हात दिले, दर वेळी भिंत आधी ओलसर करून. चुना टिकावा म्हणून त्यात मूठभर मीठ घालायची पद्धत आहे, पण मिठाचा मला तिटकाराच आला होता; मी बाभळीचा डिंक घातला. खर्च २१० रुपये. चुन्यातून ओल बाहेर जाते, त्यामुळे लोणा आलाच तरी झाडून एक हात मारला की झालं. हात लावला तर थोडा पांढरा लागतो, काळ्या कपड्यांनी टेकू नये. ३,२०० रुपयांच्या भिंतीपेक्षा मला हीच आवडते, पण ही गोष्ट ह्यांच्यासमोर मी बोललेले नाही.

दार सागवानी आहे, मामाजींच्या वडिलांनी परतवाड्याहून लाकूड आणून करवलेलं. त्यावर तीन रंगांचे थर होते, सगळ्यात वर हिरवा. काचपेपरनं घासून रंग काढायला दोघांना चार दिवस लागले. खाली जे लाकूड निघालं त्यावर पुन्हा रंग लावायचा जीव होईना, म्हणून घाणीवरचं जवसाचं तेल लावलं. इथे घाई नडली. एकदम जाड हात दिला आणि दार नऊ दिवस चिकट राहिलं. मार्चचा फुफाटा सगळा त्यावर बसला. परत घासलं. दुसऱ्यांदा पातळ हात दिला, अर्ध्या तासानं कोरड्या कापडानं जास्तीचं पुसून घेतलं, चार दिवस सुकू दिलं, मग दुसरा हात. हे जमलं. पावसाळ्यात दार फुगून अडकलं नाही, याआधी दरवर्षी लाथ मारून उघडावं लागायचं. तेलाची फडकी बोळा करून घरात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. बाहेर पसरून वाळवा, मग टाका. काचपेपर, तेल, कडी-कोयंड्याला ग्रीस मिळून ६४० रुपये.

सगळ्यात स्वस्त वस्तू ८० रुपयांची. पावसाळ्यात वावरातून आलेल्या माणसाच्या पायाला किती काळी माती असते ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही. चप्पल वजनात दुप्पट होते. काथ्याचं पायपुसणं आणलं असतं तर एका दिवसात त्याचा पोहा झाला असता. मामाजी म्हणाले, "ते मोडक्या वखराची पास पडली हाये ना गोठ्यात, थे लाव." पास म्हणजे वखराचं लोखंडी पातं. वेल्डरकडून तिला दोन बाजूंना पाइपाचे तुकडे जोडून घेतले आणि पायऱ्यांच्या डाव्या अंगाला, जमिनीपासून चार इंचांवर, उरलेल्या काँक्रीटमध्ये रोवली. धार आधी ग्राइंडरनं मारून बोथट केली, लहान मुलं आहेत घरात. मधोमध लावू नका, रात्री ठेच लागेल. तळवा तिच्यावर ओढला की मातीचं ढेकूळ सुटतं. संध्याकाळी काडीनं पातं साफ करावं लागतं, नाहीतर सकाळी ती माती विटेसारखी होते. यंदा ओसरीत रोज दोनदा पोतेरं फिरवावं लागलं नाही, एकदाच पुरलं. गल्लीत आता अशा चार पासी लागल्या आहेत आणि चारही जणांना वाटतं की कल्पना त्यांची होती.

दिव्यांचं थोडक्यात. दाराच्या वर नऊ वॅटचा एलईडी लावला, पिवळ्या उजेडाचा. पांढऱ्यापेक्षा त्यावर किडे कमी येतात. वायर, होल्डरसकट ३८० रुपये. दुसरा सोलर दिवा, ६५० चा, पायऱ्यांच्या बाजूला गुडघ्याएवढ्या उंचीवर. विंचू-काटा पायाखाली असतो, उजेड तिथे हवा. लाइन जाते तेव्हा हाच चालू असतो. उन्हाळ्यात रात्रभर चालला, ऑगस्टच्या झडीत नऊला माना टाकायचा. पॅनेलवरची धूळ आठवड्यातून एकदा पुसली नाही तर उन्हाळ्यातही तसंच.

ऑनलाइन मागवलेला चपलांचा रॅक, ५४९ रुपये, घेऊ नका. प्लास्टिकचे सांधे मेच्या उन्हात ठिसूळ झाले आणि मिरगाच्या आधीच तो बसला. परत घ्यायला कोणी तयार नव्हतं. आता दोन विटांवर फळी आहे. बूट तिच्यावर उपडे ठेवतो.

झाडांवर ३०० गेले. मोगऱ्याची पानं बोअरच्या पाण्यानं कडांनी करपली आणि तो गेला. सदाफुली आणि बोगनवेल त्याच पाण्यावर मजेत आहेत. तुळशीला मी हंड्यातलं गोडं पाणी घालते, तिच्याबाबतीत प्रयोग नको.

राहिली हिरवी नेट. ओट्यावर दुपारी ऊन थेट दारात येतं, म्हणून बांबूवर बांधली, ८७० रुपये. एप्रिलभर फार बरं वाटलं. मेच्या शेवटी वावधन आलं आणि नेट बांबूसकट शेजाऱ्यांच्या कडुलिंबावर जाऊन बसली. कड्या लावून ताणून बांधली होती, वाऱ्याला जायला वाटच ठेवली नव्हती. निम्मी फाटली, निम्मी आता कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे. पुढच्या उन्हाळ्यासाठी नवी घेणार नाही. तूर सोंगली की तुराट्या जाळायच्या नाहीत, राखून ठेवायच्या, असं ह्यांना सांगून ठेवलं आहे. त्यांचा ताटवा, म्हणजे उन्हाच्या आडोशाची तट्टी, बांधायचं काम मामाजींनी मागून घेतलं आहे, मला फक्त सुतळीचे दोन बंडल आणून द्यायचे आहेत.