खटका नसलेली म्युझिक सिस्टीम आणि प्लग टायमर, वापरून बघितल्यावर

सकाळी ठरल्या वेळी म्युझिक सिस्टीम आपोआप लागावी म्हणून हा टायमर लावून बघितला. टायमर चांगलाय, पण तुमच्या सिस्टीमशी त्याचं जमेल की नाही हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

वस्तू म्हणजे तो नेहमीचा गोल चकतीवाला प्लग टायमर, सॉकेटमध्ये खोचायचा आणि त्याच्यात सिस्टीमची पिन लावायची. चकतीच्या कडेला ९६ दाते, एक दाता म्हणजे १५ मिनिटं, जेवढा वेळ करंट हवाय तेवढे दाते खाली दाबायचे, बास. ना ॲप ना वायफाय ना पासवर्ड. बाजूला एक छोटा खटका असतो, तो 'कायम चालू'वर राहिला तर दाते कसेही दाबा काही फरक पडत नाही, एक स्टारवाले निम्मे रिव्ह्यू त्याच्यामुळेच पडत असावेत. आतल्या मोटरची बारीक घरघर येते, दिवसा जाणवत नाही पण उशाशी लावलात तर रात्री नक्की कळेल.

आता मुद्द्याचं. टायमरला दोनच गोष्टी येतात, करंट देणं आणि करंट तोडणं, बटण दाबणं त्याच्या हातात नाही. जुन्या टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं की आत जाऊन अडकून बसायचं, म्हणून करंट आला की डेक आपोआप सुरू. कित्येक जुन्या कॅसेट डेकवर तर टायमरसाठी वेगळा खटकाच दिलेला असायचा, रेकॉर्ड, ऑफ आणि प्ले असा, म्हणजे बाहेरून टायमर लावून आपण घरी नसतानाही रेडिओवरचा कार्यक्रम रेकॉर्ड करता यायचा. हल्लीच्या सिस्टीमचं बटण दाबून सोडलं की परत वर येतं, ते फक्त आतल्या चिपला इशारा देतं, आणि करंट जाऊन आला की चिप बहुतेक वेळा स्टँडबायला जाऊन बसते. म्हणजे ठरल्या वेळी टायमर टक्क करून चालू होणार, सिस्टीमवर लाल लाईट लागणार आणि पुढे चिडीचूप. माझ्या सिस्टीमचं हेच होतं.

म्हणून विकत घ्यायच्या आधी एक करा, सिस्टीम वाजत असताना पिन उपटा, अर्धा मिनिट थांबा, परत लावा. गाणं आपोआप सुरू झालं तर हा टायमर डोळे झाकून घ्या. नाही झालं तर तो फक्त बंद करण्यापुरता कामाचा, आणि त्यातही काही सिस्टीममध्ये स्पीकरमधून धप्प असा आवाज येतो, घड्याळ शून्यावर जातं, पेनड्राईव्ह परत पहिल्या गाण्यापासून सुरू होतो. स्मार्ट प्लग घेतला तरी हेच रडगाणं, कारण तोही करंटच तोडतो, फक्त मोबाईलवरून तोडतो.

मग मी बटण दाबणारा छोटा रोबोट घेतला, आगपेटीएवढी डबी, बटणाशेजारी चिकटवायची, ॲपमध्ये वेळ टाकायची, वेळ झाली की त्यातून एक दांडी बाहेर येते आणि बटण दाबून परत आत जाते. बघायला मजा येते खरं, पण त्याला सिस्टीम चालू आहे का बंद हे कळत नाही. कुणी आधीच सिस्टीम लावून ठेवली असेल तर हा गडी ठरल्या वेळी येऊन ती बंद करून जाणार. रिमोटचा सिग्नल पाठवणारं उपकरण लावलं तरी भानगड तीच, कारण बऱ्याच रिमोटवर ऑन आणि ऑफला एकच बटण असतं. काही सिस्टीम रिमोटवरचं रेडिओचं किंवा ऑक्सचं बटण दाबलं तरी चालू होतात आणि आधीच चालू असतील तर बंद पडत नाहीत, तुमची तशी असेल तर प्रश्नच मिटला.

माझी तशी नाही, म्हणून टायमर आणि रोबोट दोन्ही एकत्र लावलेत आणि हे मात्र झकास चाललंय. रात्री टायमर करंट तोडतो, सकाळी पावणेसहाला परत देतो, करंट आला की सिस्टीम हमखास स्टँडबायलाच असते, मग सहाला रोबोट एकदा बटण दाबतो, म्हणजे चालूच होणार. स्टँडबायला जायची जी सवय नडत होती तीच कामाला आली! फक्त मधल्या वेळेत कुणी हाताने सिस्टीम लावली तर मात्र राम राम.

अजून एक, चकतीवाल्या टायमरला बॅटरी नसते, लाईट गेली की चकती तिथेच थांबते आणि तेवढाच वेळ मागे पडते, रोबोटचं घड्याळ मात्र स्वतःच्या सेलवर चालत राहतं. अर्धा तास लाईट गेली तर दुसऱ्या दिवशी रोबोट मेलेल्या सिस्टीमचं बटण दाबून मोकळा. तुमच्याकडे लाईट वारंवार जात असेल तर आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या, सेटिंगची बटणं बारीक आणि वैतागवाणी असतात पण वेळ चुकत नाही. आणि रोबोट चिकटवायच्या आधी ती जागा स्पिरिटने पुसून घ्या, बोटांचं तेल राहिलं तर बटण दाबायच्या जोराने डबीच सुटून येते.