खजूर आणि खारीक: उन्हाळ्यापासून संक्रांतीपर्यंतच्या वापरानंतर

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. खजूर टिकतो की नाही, ते तेव्हाच कळतं. वर्षभर आलटूनपालटून वापरल्यावर मत ठाम झालंय: सगळ्या कामांना एकच खजूर चालत नाही.

चवीला किमिया सगळ्यात वरचा. तो इराणमधला मजाफाती जातीचा ओला खजूर, म्हणून जागा फ्रीजमध्येच. दुकानात डबा बाहेरच्या फळीवर मांडलेला असेल तर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. आपल्या उन्हात तो लवकर आंबतो. झाकण उघडताच आंबूस वास येतो आणि चिकट रसात बारीक बुडबुडे दिसतात. असा खजूर धुऊनही सुधारत नाही. पांढरे कण दिसले तर मात्र घाई करू नका. चिमटीत खरखरीत लागले आणि कोमट पाण्यात विरघळले तर ती साखर. बुरशी कापसासारखी तंतुमय असते. साल सुटून फुगलेली असली तरी खजूर चांगलाच असतो.

कोणताही खजूर उभा चिरूनच वापरा. वरून तुकतुकीत दिसणाऱ्या फळातही कधी बीभोवती काजळीसारखी काळी भुकटी निघते. ती बुरशी, फळ सरळ फेकायचं. कीड असेल तर बारीक जाळं आणि दाणेदार विष्ठा दिसते. बी नसलेल्या पाकिटातही तुटक्या बियांचे तुकडे सापडतात, दात आणि मिक्सर दोन्ही सांभाळा.

रोजच्या कामाला मात्र दाबलेल्या वडीचा काळा खजूरच. चटणीसाठी १०० ग्रॅम खजूर, ४० ग्रॅम चिंच आणि ५० ग्रॅम गूळ गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, वाटा, गाळा आणि मीठ-तिखट-जिरेपूड घालून दहा मिनिटं उकळा. लाडवांना २५० ग्रॅम खजूर, चमचाभर तूप, मंद आच. गोळा कढई सोडू लागला की लगेच उतरवा. जास्त परतलं तर पाणी उडून जातं आणि गार झाल्यावर लाडू दगड होतो. मेडजूल जातीचा महाग खजूर यात घालणं म्हणजे पैसा वाया. तो नुसता खावा.

खारकेचं काम वेगळं. डिंकाच्या आणि बाळंतिणीच्या लाडवांत तिला पर्याय नाही. आपल्याकडे ती बरीचशी पाकिस्तानातून यायची. २०१९ मध्ये तिथल्या मालावर २०० टक्के आयातशुल्क लागलं, तेव्हापासून दर चढेच. अडकित्त्याने फोडून बी काढा, तुकडे दोन दिवस कडक उन्हात ठेवा, मग मिक्सर थांबत थांबत फिरवा. सलग फिरवला तर भांडं तापतं, साखर ओलसर होते आणि पूड पात्याखाली चिकटून बसते. पावसाळ्यात पुडीचे खडे होतात, म्हणून दळायचं ते दिवाळीनंतर, लागेल तेवढंच.

जून-जुलैत कच्छकडून पिवळी बरही येते, ही ताज्या खजुराची एक जात. बाकीच्या बहुतेक जाती या अवस्थेत तुरट लागतात, बरही मात्र कमी टॅनिनमुळे (तुरटपणा आणणारं द्रव्य) कच्चीच गोड आणि कुरकुरीत. तिकडे झाडावर सुकेपर्यंत थांबलं तर पाऊस गाठतो, म्हणून पिवळी असतानाच घड उतरवतात. जास्त आणली असेल तर रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून बाहेर काढा. मऊ, तपकिरी होते.

एक गैरसमज: खजुराने रक्त वाढतं म्हणून तो भरपूर खाल्ला जातो. १०० ग्रॅममध्ये लोह जेमतेम १ मिलिग्रॅम आणि साखर साधारण ६५ ग्रॅम. मधुमेह असलेल्यांनी ‘बिनसाखरेचे’ खजूर-लाडू मोजूनच खावेत.

दुधात घालायचा असेल तर दूध कोमट झाल्यावर वाटलेला खजूर मिसळा. उकळत्या दुधात घातला तर ते फाटू शकतं, आणि खजूर थोडा आंबलेला असेल तर फाटतंच.