बागेतल्या रुळांसाठी इंजिन : एलजीबीचे ‘श्टाइन्त्स’ आणि त्याचे बॅटरीवर रूपांतर

इंग्लंडमध्ये आमच्या घरामागे जेमतेम बारा मीटर लांबीची बाग आहे आणि तिच्या कुंपणालगत गेली चार वर्षे मी ४५ मिलिमीटर गेजची, म्हणजे दोन रुळांत तेवढे अंतर असलेली, एक छोटी रेल्वे चालवतो. एवढ्या काळात तीन इंजिने घेतली, त्यांतली दोन विकून टाकली. टिकले ते एकच, एलजीबी या जर्मन मॉडेल-रेल्वे मालिकेतले चार चाकांचे ‘श्टाइन्त्स’. तेही मी वापरलेले घेतले होते, नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत.

न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीने १९६८ साली बाजारात आणलेली ही मालिका २००७ पासून मार्क्लिन या दुसऱ्या मॉडेल-रेल्वे कंपनीकडे आहे. पावसात, बर्फात, बाहेर चालवण्यासाठीच ती घडवलेली असल्याने मोटर आणि गिअर एका बंदिस्त पेटीत असतात. मोटरीच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना वर्म गिअर (स्क्रूसारखे आटे असलेला गिअर) असून दोन्ही आस थेट फिरतात. ज्याचे हे मॉडेल आहे ते मूळ इंजिन लिंझच्या क्राउस कारखान्यात १८९२ साली ऑस्ट्रियातल्या एका छोट्या मार्गासाठी तयार झाले. त्या मार्गाचा गेज ७६० मिलिमीटर, म्हणजे आपल्या जुन्या बार्शी लाइट रेल्वेपेक्षा अवघा दोन मिलिमीटरने कमी. मॉडेलचे प्रमाण १ : २२.५ आहे, आणि त्या प्रमाणात ४५ मिलिमीटरचे रूळ मीटर गेज दाखवतात. हिशेबाने हे इंजिन सुमारे ३४ मिलिमीटरच्या रुळांवर असायला हवे होते. काटेकोर मंडळींना हे खुपते. मला खुपत नाही, कारण रुंद पायांवर उभे असल्यामुळेच ते माझ्या ओबडधोबड खडीवर कलंडत नाही.

निवड करताना मी आधी जी चूक केली, ती रूपावर भाळण्याची. पहिले इंजिन अमेरिकन धर्तीचे, लांबलचक, पितळी घंटा मिरवणारे होते. एलजीबीच्या सर्वांत लहान वळणाची त्रिज्या ६०० मिलिमीटर असते, असे बारा तुकडे जोडले की एक पूर्ण वर्तुळ होते, आणि माझ्या बागेच्या दोन्ही टोकांना तेवढीच जागा आहे. तिथे ते इंजिन प्रत्येक फेरीला कण्हत असे आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात त्याचा आसावरचा प्लास्टिकचा गिअर तडकला. विकणाऱ्याने ‘बागेत वापरण्याजोगे’ असे छातीठोकपणे सांगितले होते. कोणाच्या बागेत, हे मीच विचारायला हवे होते. श्टाइन्त्स मात्र वीतभर लांबीचे आणि चारच चाकांचे असल्यामुळे त्या वळणावर सहज फिरते.

आता बॅटरीकडे का वळलो, ते सांगतो. ही इंजिने मुळात रुळांतून येणाऱ्या विजेवर चालतात. पितळी रूळ हवेत काळवंडतात, वर ओल, कुजकी पाने आणि रात्री रुळांवरून सरपटून गेलेल्या गोगलगाईंचा चिकट माग. त्यामुळे अर्धा तास गाडी चालवण्यासाठी आधी पाऊण तास गुडघ्यांवर बसून रूळ घासावे लागत. शिवाय रुळांमध्ये वीज असली की गाडी उलट फिरवून आणणारा फास टाकता येत नाही, कारण तिथे डावा रूळ उजव्याला येऊन मिळतो आणि शॉर्ट सर्किट होते. बॅटरी इंजिनाबरोबरच फिरू लागली, की या दोन्ही कटकटी संपतात.

रूपांतर अवघड नाही, पण एका ठिकाणी दक्ष राहावे लागते. इंजिन उलटे करून तळाची झाकणपट्टी काढली, की चाकांच्या पाठीला टेकणारे कार्बन ब्रश आणि दोन चाकांच्या मधोमध रुळावर घासत जाणाऱ्या स्प्रिंगच्या घसरपट्ट्या दिसतात. मोटरीशी असलेला या दोहोंचा संबंध पूर्णपणे तोडला पाहिजे. अलीकडच्या इंजिनांत मोटरीच्या आणि रुळांच्या तारा वेगळ्या बाहेर काढलेल्या असतात. माझ्या जुन्या इंजिनात मात्र आतल्या पितळी पट्ट्या कापाव्या लागल्या. पहिल्या खेपेस मी घसरपट्ट्या काढल्या आणि ब्रश तसेच ठेवले. बटण फिरवताच श्टाइन्त्स निघाले आणि त्याच रुळांवर पुढे उभे असलेले, कोणी हातही न लावलेले मित्राचे इंजिनही त्याच्याबरोबर निघाले! माझ्या बॅटरीची वीज चाकांतून रुळांत उतरली होती. त्याच वेळी रुळांत दुसरी वीज सोडलेली असती, तर रिमोटचे आदेश झेलणाऱ्या रिसीव्हरची राख झाली असती.

इंजिनाच्या पोटात जागा कमी असल्याने लिथियमच्या चार सेलची माळ मी मागच्या बंद वाघिणीत ठेवली. चार सेल मिळून १४.८ व्होल्ट होतात, पूर्ण चार्ज झाल्यावर १६.८. सेलना संरक्षक सर्किट आणि तारेत फ्यूज हवाच. इथे पैसे वाचवू नयेत. बोटभर रुंदीचा २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर केबिनच्या छताखाली बसतो. धुराचे यंत्र मी काढून टाकले, कारण ते बॅटरी भराभर संपवते. डाख देण्याची सवय असेल तर एका दुपारचे काम आहे आणि सेल धरून खर्च ८० पौंडांच्या आत राहिला.

आता वेग रुळांवरच्या विजेएवढा मिळत नाही, पण छोट्या गावच्या गाडीला तो शोभतो. दोन डबे आणि वाघीण ओढत ते माझ्याकडे तीन तास निवांत चालते, रिमझिम पावसातही. खटकते ते एकच : इंजिन आणि वाघीण यांच्यामधली दोन तारांची जोडणी. सांध्यावर धक्का बसला की ती कधीकधी निसटते आणि गाडी नेमकी गुलाबाच्या काट्यांत थांबते. गेल्या जूनमध्ये वडील आले होते. बार्शी लाइटने कुर्डुवाडीहून पंढरपूरला गेलेले गृहस्थ, त्यांनी तीन फेऱ्या खुर्चीत बसून पाहिल्या आणि म्हणाले, “सगळं ठीक आहे रे, पण शिट्टी कुठाय हिची?” आवाजाचे सर्किट पुढच्या महिन्यात बसवणार आहे, त्याला लागणारी जागाही वाघिणीतच काढावी लागेल.