ट्रॉली की अ‍ॅटवूडचे यंत्र?

बल आणि वस्तुमान बदलल्यावर त्वरण कसे बदलते, हा प्रयोग अकरावीसाठी मांडायचा असेल आणि एकाच उपकरणापुरते पैसे असतील, तर निवड बहुधा दोहोंतच होते: टांगत्या वजनाने दोरीवाटे ओढलेली, फळीवर धावणारी ट्रॉली किंवा कप्पीवरच्या दोरीला दोन वजने टांगलेले अ‍ॅटवूडचे यंत्र. मी वर्गात दोन्ही वापरली आहेत.

ट्रॉलीत ओढणारे वजन आणि ओढली जाणारी गाडी मुलांना वेगवेगळी दिसतात, हा तिचा मोठा गुण आहे. ओढणारे वजनही वेग घेत असल्यामुळे बल वाढवताना ट्रॉलीवरचेच वजन उचलून दोरीला लावावे लागते, एवढे पथ्य पाळावे. टिकर-टाइमर ५० हर्ट्झच्या विजेवर दर ०.०२ सेकंदाला ट्रॉलीमागे ओढल्या जाणाऱ्या कागदी फितीवर ठिपका उमटवतो, आणि ठिपक्यांमधली वाढती अंतरे पाहून त्वरणाची कल्पना मुलांच्या मनात पक्की बसते.

मला खटकले ते घर्षण. हलका धक्का दिलेली ट्रॉली एकसमान वेगाने जाईपर्यंत फळीचा उतार जुळवावा लागतो. आमच्याकडे पावसाळ्यात फळी बाक धरते, त्यात फितीची ओढ निराळीच, त्यामुळे तासाचा बराचसा वेळ त्या उतारातच जातो. उतार कमी पडला तर आलेखाची रेषा बलाच्या अक्षाला छेदते. जास्त झाला तर शून्य बलालाही त्वरण दिसते, आणि मुलांचा नियमावरचाच विश्वास डळमळतो.

जॉर्ज अ‍ॅटवूड यांनी १७८४ मध्ये वर्णन केलेल्या यंत्रात फळीच नाही. दोन्ही बाजूंना ५००-५०० ग्रॅम असताना एकीकडचे १० ग्रॅम दुसरीकडे ठेवले, तर फरक २० ग्रॅमचा होतो आणि एकूण १ किलो तसेच राहते. त्वरण सेकंदवर्गाला सुमारे ०.२ मीटर येते, म्हणजे १ मीटर उतरायला तीन सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो आणि तो साध्या स्टॉपवॉचनेही मोजता येतो. आसाचे घर्षण असतेच. पण माझ्या अनुभवात उतरत्या बाजूला तारेचा बारीक तुकडा अडकवून बहुतेक वेळा भागते. कप्पीचे जडत्वही लपून राहत नाही: फरक तोच ठेवून एकूण वस्तुमान वाढवत गेले आणि त्वरणाचा व्यस्त एकूण वस्तुमानापुढे मांडला, तर सरळ रेषा आरंभबिंदूतून जात नाही, आणि तिच्या छेदावरून कप्पीचा वाटा काढता येतो.

दोन वजनांमधला फरक म्हणजे बल, हे मुलांना उमगायला मात्र वेळ लागतो. म्हणून नववीच्या वर्गापुढे केवळ दाखवायचे असेल, तर मी आजही ट्रॉलीच काढीन. मुलांनी स्वतः आकडे घेऊन आलेख काढायचा असेल, तर पैसे हलक्या, चांगल्या बेअरिंगच्या कप्पीवर खर्च करावेत, असे सुचवावेसे वाटते.